विभागीय क्रीडा स्पर्धेचे आयोजन : एक अभियांत्रिकी अभ्यास



इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि मैदान यांचे नाते तसे गमतीचे आहे. गॅदरिंगच्या आठवड्यात मैदानाची आठवण होते, पुढे सबमिशन, व्हायवा आणि पेपर सुरू झाले की ते नाते वर्षभरासाठी तुटते. त्यामुळे या अंकात स्पर्धेच्या आयोजनावर लेख पाहून काही जण पान उलटवतील. पण थोडे थांबा. आपण जे पर्ट-सीपीएम, सर्व्हेइंग, ग्राफ थिअरी आणि मेजरमेंट एरर परीक्षेपुरते घोकतो, ते सगळे एकाच ठिकाणी, एकाच वेळी कामाला लागलेले पाहायचे असेल तर बहुखेळ स्पर्धेसारखे दुसरे उदाहरण नाही.

आपल्या जिल्ह्याचेच घ्या. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्ह्यात सात तालुके राहिले : भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. शालेय स्पर्धेची शिडी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशी आहे. वयोगट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील, आणि प्रत्येकात मुले व मुली. आपला विभाग नागपूर. त्यात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. म्हणजे विभागाची स्पर्धा भंडाऱ्याला भरली, तर गडचिरोलीच्या सिरोंच्याकडचा मुलगा तीनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून आपल्याकडे येणार. रात्रभर गाडीत बसून आलेल्या त्या पोराची शर्यत कदाचित बारा सेकंदांत संपेल. त्या बारा सेकंदांत त्याला न्याय मिळतो की नाही, हे त्याच्या पायांइतकेच आपल्या नियोजनावर अवलंबून आहे. या लेखाचा विषय तोच.

अशा स्पर्धांना स्वयंसेवक म्हणून एनएसएसची आणि कॉलेजची मुले लागतातच. तेव्हा नुसते बॅज लावून फिरण्यापेक्षा काम समजून करावे, यासाठी ही पायरी-पायरीने मांडणी.

१) तारीख आधी, मग उलट मोजणी

पहिला प्रश्न : स्पर्धा केव्हा? आपला जिल्हा धानाचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि चुरणे जोरात असते. घरचे सगळे हात बांधीत गुंतलेले, त्यामुळे शेतकऱ्यांची पोरे सरावाला येत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा मैदानी स्पर्धेचा विचारच नको. पावसाळ्यात काळ्या मातीचे मैदान म्हणजे चिखलणी केलेली बांधीच. राहिले डिसेंबर आणि जानेवारी. हवा उत्तम, पण दिवस लहान. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी वैनगंगेकाठी धुके असते. म्हणजे खरे कामाचे तास ९ ते ५ एवढेच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तारीख ठरली की त्या दिवसापासून मागे मोजत यायचे. इथे आपला पर्ट कामी येतो. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पोलारिस प्रकल्पासाठी हे तंत्र निघाले आणि पुढे १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिम्पिकच्या आयोजकांनी १९६५ पासूनच ते वापरले. तेव्हा खेळ आणि पर्ट यांची ओळख जुनी आहे.

प्रत्येक कामाला लागणारा वेळ = (आशावादी + ४ × शक्य + निराशावादी) ÷ ६. समजा प्रवेशिका तपासायला लवकरात लवकर ३ दिवस, बहुधा ५ दिवस आणि वाईटात वाईट १३ दिवस लागतील. उत्तर येते (३ + २० + १३) ÷ ६ = ६ दिवस. अशा रीतीने कामांची यादी केली :

अ. परवानगी व तारीख निश्चिती : ७ दिवस
ब. परिपत्रक काढून प्रवेशिका जमा करणे (अ नंतर) : १५ दिवस
क. प्रवेशिका व वयाचे दाखले तपासणे (ब नंतर) : ६ दिवस
ड. भाग्यपत्रिका व वेळापत्रक (क नंतर) : ३ दिवस
इ. छपाई व संघांना कळवणे (ड नंतर) : ७ दिवस
फ. मैदान दुरुस्ती व आखणी (अ नंतर) : १२ दिवस
ग. पंचांची निश्चिती (अ नंतर) : १० दिवस
ह. मुक्काम व जेवणाची व्यवस्था (क नंतर, कारण आकडा तेव्हाच कळतो) : ८ दिवस

आता मार्ग मोजा. अ-ब-क-ड-इ = ३८ दिवस. अ-ब-क-ह = ३६ दिवस. अ-फ = १९ दिवस. अ-ग = १७ दिवस. क्रिटिकल पाथ कोणता निघाला? कागदाचा! मैदानाच्या कामाला तब्बल १९ दिवसांची मोकळीक आहे आणि कागदपत्राला एकाही दिवसाची नाही. आपल्याकडे मात्र उलटे चालते. सगळे जण मैदानावर मंडप कुठे बांधायचा यावर चर्चा करतात आणि प्रवेशिकांचा गठ्ठा टेबलाच्या खणात पडून राहतो. मुक्कामाच्या कामालासुद्धा फक्त २ दिवसांची मोकळीक आहे हेही बघा. प्रवेशिका तीन दिवस उशिरा आल्या की पोरांच्या गाद्या-ब्लँकेटांवर गदा येते. "तीन दिवसांनी काय बिघडते" या प्रश्नाचे हे गणिती उत्तर.

२) भाग्यपत्रिका : चिठ्ठ्या आणि गणित

समजा आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत ११ संघ आले. बाद पद्धतीने किती सामने? सूत्र सोपे : न − १. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा आहे, म्हणून १० सामने. ११ नंतरचा २ चा घात १६, म्हणून १६ − ११ = ५ संघांना पुढे चाल द्यावी लागते. वरच्या अर्ध्या भागात ६ संघ व २ पुढे चाल, खालच्या अर्ध्यात ५ संघ व ३ पुढे चाल. तपासून पाहा : पहिल्या फेरीत ३ सामने, मग ४, मग २, मग १. बेरीज १०. पुढे चाल कोणाला, हे ओळखीवर नव्हे तर ठरलेल्या क्रमाने आणि सर्व संघव्यवस्थापकांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. निम्मी भांडणे इथेच मिटतात.

बाद पद्धत झटपट होते, पण लाखांदूरहून आलेला संघ चाळीस मिनिटांत हरून परत जातो. त्याला खेळायला मिळाले किती? साखळी पद्धत न्याय्य, पण सामने न(न − १) ÷ २, म्हणजे ५५. आता ते तास आठवा. ९ ते ५ मधून जेवणाचा एक तास वजा केला की ७ तास उरतात. पुरुषांच्या कबड्डीत २०-२० मिनिटांचे दोन डाव आणि ५ मिनिटे मध्यंतर. टाइम आउट आणि मैदान बदलणे धरून एका सामन्याला एक तास द्या. दोन मैदाने असतील तर दिवसाला १४ सामने. ५५ सामन्यांना चार दिवस लागतील. परवडत नाही.

मध्यम मार्ग : ४, ४ आणि ३ संघांचे तीन गट. सामने ६ + ६ + ३ = १५. तीन गटविजेते आणि सर्वोत्तम उपविजेता मिळून उपांत्य फेरीचे २ आणि अंतिम १. एकूण १८. प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. कोणत्याही संघाचे दिवसाला दोनपेक्षा जास्त सामने नकोत, म्हणून गटातले सामने पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, उपांत्य दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणि अंतिम तिसऱ्या दिवशी. एकच काळजी घ्या. तीन संघांच्या गटातला उपविजेता आणि चार संघांच्या गटातला उपविजेता यांची तुलना कशी करायची, हा नियम सामने सुरू होण्याआधी लेखी द्या. नंतर काढलेला नियम कितीही बरोबर असला तरी तो पक्षपातीच वाटतो.

३) वेळापत्रक म्हणजे ग्राफ कलरिंग

छोट्या शाळेची एकच चपळ मुलगी १०० मीटर धावते, लांब उडी मारते, रिलेत शेवटचा टप्पा घेते आणि खो-खोच्या संघातही असते. शहरातल्या शाळेत या चार जागांसाठी चार मुली असतात. वेळापत्रकात लांब उडी आणि खो-खो एकाच वेळी ठेवले, तर कोणाचे नुकसान होते? ज्या शाळेची पटसंख्या कमी तिचे. नियम सगळ्यांना सारखा वाटतो, पण मार एकालाच बसतो.

यावर आपल्या डिस्क्रीट मॅथ्समधले उत्तर आहे. प्रत्येक स्पर्धाप्रकारासाठी कागदावर एक बिंदू काढा. ज्या दोन प्रकारांत एक तरी खेळाडू समान आहे, ते बिंदू रेषेने जोडा. आता रेषेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग येणार नाही अशा रीतीने रंग भरा. प्रत्येक रंग म्हणजे एक वेळ. कॉम्प्युटरवर प्रवेशिकांची यादी भरलेली असेल तर समान नावे काढायला पाच मिनिटे लागत नाहीत. कमीत कमी रंगांचे अचूक उत्तर शोधणे अवघड असते हे खरे, पण वीस-पंचवीस बिंदूंसाठी पेन्सिल आणि खोडरबर पुरते.

प्राथमिक फेऱ्यांचेही असेच. सात तालुके, प्रत्येकी दोन धावपटू, म्हणजे १४. सहा लेन असतील तर ५, ५ आणि ४ अशा तीन हीट. प्रत्येकीतला पहिला आणि उरलेल्यांतले वेळेनुसार सर्वोत्तम तीन, असे सहा जण अंतिम फेरीत. एकाच तालुक्याचे दोघे एका हीटमध्ये टाकू नका.

४) मैदानाची आखणी : सर्व्हेइंगचे प्रात्यक्षिक

सिव्हिलवाल्यांनो, हा भाग खास तुमचा. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर, त्रिज्या ३६.५० मीटर आणि लेनची रुंदी १.२२ मीटर. तालुक्याच्या ठिकाणी एवढी जागा नेहमी मिळत नाही. तेव्हा २०० मीटरचा ट्रॅक आखावा लागतो. सरळ बाजू ४० मीटर घेऊ. दोन्ही मिळून ८०. उरलेले १२० मीटर दोन अर्धवर्तुळांत बसवायचे. ट्रॅकला उंच कड नसेल आणि नुसती फक्कीची रेषा असेल, तर धावण्याचे अंतर त्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात. म्हणून २π(त्रि + ०.२०) = १२०, यावरून त्रिज्या १८.९० मीटर. सहा लेन धरून ट्रॅकला सुमारे ९२.५ × ५२.५ मीटर जागा लागते. बाहेर मोकळी पट्टी हवी ती वेगळी.

आधी मधला आयत आखा : ४० × ३७.८० मीटर. काटकोन ३-४-५ ने घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५५.०३ मीटर आले तरच पुढे जा. अर्धवर्तुळासाठी सुतळी वापरू नका. सुतळी ताणते. त्रिज्येत १० सेंटिमीटर चूक झाली तर एका फेरीत ६३ सेंटिमीटरचा फरक पडतो. स्टीलची टेप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचे : स्टॅगर. बाहेरच्या लेनमधल्या धावपटूला वळणावर जास्त अंतर पडते, म्हणून त्याला पुढे उभे करतात. किती पुढे? अशा ट्रॅकवर एका पूर्ण फेरीला प्रत्येक लेनमागे २π × १.२२ = ७.६७ मीटर. गंमत बघा, या सूत्रात त्रिज्या कुठेच नाही. ट्रॅक २०० चा असो की ४०० चा, फरक फक्त लेनच्या रुंदीवर अवलंबून असतो. (कड असलेल्या प्रमाणित ट्रॅकवर पहिल्या लेनचे अंतर ३० सेंटिमीटरवरून आणि बाकीच्यांचे २० वरून मोजतात, म्हणून दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर येते आणि पुढे दर लेनला ७.६७ वाढते.)

हे गणित न करता अंदाजाने पावले टाकून स्टॅगर दिला तर काय होते? सहाव्या लेनचा स्टॅगर ३८.३३ मीटर यायला हवा. तिथे कोणी तीस मीटरवर रेघ ओढली, तर त्या लेनमधली पोरगी २०० च्या नावाखाली २०८ मीटर धावते. ती हरते, आणि ती का हरली हे तिलाही कळत नाही, तिच्या सरांनाही नाही. ती समजते, आपण कमी पडलो. मित्रांनो, चुन्याच्या एका रेघेत एवढी ताकद असते.

गोळाफेक आणि थाळीफेकीच्या क्षेत्राचा कोन ३४.९२ अंश. तो कोनमापकाने मैदानावर आखता येत नाही. सोपी युक्ती : वर्तुळाच्या मध्यापासून दोन्ही रेषांवर २० मीटर मोजा, त्या दोन टोकांमधले अंतर बरोबर १२ मीटर आले की कोन बरोबर. भाला आणि थाळीच्या क्षेत्राभोवती दोर बांधल्याशिवाय स्पर्धा सुरू करू नका. तिथे कोणाचीही घाई ऐकू नका, मग पाहुणे का खोळंबले असेनात.

५) मोजमापातली चूक : थोरामोठ्यांचीही होते

व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर. एकाच मैदानावर आलटून पालटून सामने असले की जाळी बदलायची राहून जाते. "कोणाच्या लक्षात येते?" असे म्हणू नका. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये महिला जिम्नॅस्टिक्सचा व्हॉल्ट १२५ ऐवजी १२० सेंटिमीटरवर लावला गेला होता. फक्त पाच सेंटिमीटर, आणि जगातल्या उत्तम जिम्नॅस्ट एकामागून एक पडल्या. एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने शंका काढली तेव्हा टेप लावली गेली. नंतर पुन्हा संधी दिली, पण पडलेला आत्मविश्वास परत कसा द्यायचा?

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेले आणि धावपटू एक फेरी जास्त धावले. अमेरिकेचा जो मॅकक्लस्की तीन हजार मीटरला दुसरा होता, जादा फेरीत तो तिसरा झाला. आपल्या २०० मीटरच्या ट्रॅकवर ३००० मीटर म्हणजे १५ फेऱ्या. एका माणसाच्या आठवणीवर विसंबू नका. प्रत्येक दोन-तीन धावपटूंमागे एक लेखनिक, त्याच्या हातात छापील तक्ता, आणि शेवटच्या फेरीला घंटा. लेखनिकाजवळचा मोबाइल शर्यत संपेपर्यंत जमा करून घ्या!

स्टॉपवॉचची गोष्टही अशीच. पिस्तुलाचा किंवा क्लॅपरचा आवाज १०० मीटर दूर पोचायला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. म्हणून वेळाधिकाऱ्याने आवाज ऐकून नव्हे, धूर किंवा क्लॅपरच्या फळ्या पाहून घड्याळ सुरू करायचे. तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी असली तर मधली. हातघड्याळाची वेळ नेहमी वरच्या दशांशात : १२.११ असेल तर १२.२. एक घड्याळ आवाजावर आणि दुसरे धुरावर चालले, तर पाव सेकंदाचा गोंधळ पक्का. आणि वेळेवर अंतिम फेरीत जाणारे तीन जण त्या पाव सेकंदातच ठरतात.

६) पाणी, मुक्काम, प्रथमोपचार

१९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये ३२ जण निघाले आणि १४ पोचले. कडक ऊन, धुळीचा रस्ता आणि वाटेत पाणी जवळजवळ नाहीच. एक धावपटू रक्तस्राव होऊन रस्त्यातच कोसळला. पाणी ही स्पर्धेतली दुय्यम सोय नव्हे, हे तिथून शिकावे.

समजा खेळाडू, शिक्षक आणि पंच मिळून ७०० लोक आहेत. पिण्यासाठी माणशी ३ लिटर धरले तर २१०० लिटर. वाया जाणे आणि प्रेक्षक धरून ३००० लिटर, म्हणजे २० लिटरच्या १५० कॅन. त्या एकाच कोपऱ्यात ठेवल्या तर लांब उडीच्या खड्ड्याजवळचा खेळाडू पाणी प्यायला जाऊन आपली पाळी चुकवतो. निदान चार ठिकाणी वाटा.

मुक्कामासाठी बहुतेक वेळा शाळेच्या खोल्या मिळतात. डिसेंबरातली फरशी रात्री किती गार पडते हे आपल्याला ठाऊक आहे. गाद्या पुरत नसतील तर तणस पसरून त्यावर सतरंजी टाकली तरी पोरे उबदार झोपतात. धानाच्या जिल्ह्यात तणसाला तोटा नाही, फक्त त्या खोल्यांत अगरबत्ती, शेगडी, काहीही पेटवू द्यायचे नाही. मुलींच्या मुक्कामाची जागा स्वतंत्र, आतून कडी लागणारी, स्वच्छतागृह त्याच आवारात आणि रात्रभर शिक्षिका सोबत. मैदानावर कपडे बदलायची खोली आणि सॅनिटरी पॅड ठेवलेले हवेत. ही सोय नसली की काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. पंच लिहितो "अनुपस्थित". खरे कारण कुठेच लिहिले जात नाही.

प्रथमोपचाराचे टेबल मैदानाला लागून, स्ट्रेचर आणि बर्फ हाताशी. १०८ ची रुग्णवाहिका आत येण्याचा रस्ता फक्कीने आखून ठेवा आणि तिथे पाहुण्यांच्या गाड्या लावू देऊ नका.

७) खेळाडूची तयारी

आयोजक कितीही तयार असला तरी खेळाडू आठ दिवस आधी बूट काढणार असेल तर काय उपयोग? निदान बारा आठवडे हाती घ्या. पहिले पाच आठवडे पाया : सावकाश धावणे, व्यायाम, लवचिकता. पुढचे पाच आठवडे खेळाचे नेमके कौशल्य आणि वेग. शेवटचे दोन आठवडे मेहनत कमी करत जायची, वेग मात्र टिकवायचा. आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवू नका, दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नका आणि नवा पदार्थ खाऊ नका. नेहमीचे पोहे, केळी, वरण-भात, गूळ-शेंगदाणे यांनीच काम होते. शर्यतीच्या तीन तास आधी जेवण उरकलेले असावे. आता वेळापत्रक आधी कळले नसेल तर पोरगा तीन तास कुठून मोजणार? बघा, पुन्हा गाडी क्रिटिकल पाथवर आली.

८) महाराष्ट्र आणि गोव्याचा धडा

१९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले. तेच संकुल नव्याने सजून २००८ मध्ये १२ ते १८ ऑक्टोबर या काळात राष्ट्रकुल युवा स्पर्धांचे यजमान झाले. ७१ देश, १२०० हून अधिक खेळाडू आणि ९ खेळ. पुढे २०१३ मध्ये आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा चेन्नईहून हलवाव्या लागल्या, तेव्हाही बालेवाडी तयार होती. जानेवारी २०१९ मध्ये तिथेच खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. एकदा नीट बांधलेले आणि वापरत ठेवलेले मैदान पंचवीस वर्षांनीही उपयोगी पडते, हा पहिला धडा.

दुसरा धडा गोव्याचा. गोव्याकडे २०१६ मध्ये ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा पुन:पुन्हा पुढे गेल्या. मधल्या काळात २०२२ मध्ये गुजरातने काही महिन्यांच्या तयारीत ३६ व्या स्पर्धा भरवल्या. गोव्याने अखेर २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात ३७ व्या स्पर्धा घेतल्या. ट्रॅक सायकलिंग आणि गोल्फची सोय तिथे नव्हती, म्हणून ते दोन खेळ दिल्लीला झाले. आपल्याकडे जे नाही ते मान्य करून पर्याय काढणे यात कमीपणा नाही. त्या स्पर्धांत आपला महाराष्ट्र ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवून पहिला आला.

तिसरा धडा घाईचा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांना बारा दिवस राहिले असताना, २१ सप्टेंबरला, नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि काम करणारे मजूर जखमी झाले. उशीर झालेल्या कामाची किंमत नेहमी सगळ्यात खालच्या माणसाला मोजावी लागते.

९) शेवटचा कागद

स्पर्धा संपली, मंडप सुटला, आपण घरी निघालो. पण खेळाडूच्या हातात आयुष्यभर राहतो तो एक कागद : प्रमाणपत्र. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, आणि पुढे नियमात बसणाऱ्या खेळाडूंसाठी शासकीय नोकरीतले ५ टक्के आरक्षण, या वाटेची सुरुवात तालुका-जिल्ह्याच्या निकालापासून होते. नावात एक वेलांटी चुकली, जन्मतारखेत एक आकडा फिरला, की पडताळणीत तो कागद अडकतो. म्हणून प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे, मराठीत आणि इंग्रजीत. लिहिल्यावर दुसऱ्याने तपासायचे. निकालपत्रक पंचांच्या सहीसह तीन प्रतींत, एक कार्यालयात, एक संघाकडे आणि एक फाइलमध्ये. आठ वर्षांनी कोणी विचारायला आले तरी सापडले पाहिजे.

मित्रहो, पाहुण्यांचे हार, फुगे आणि मशाल यांचे महत्त्व मी कमी मानत नाही. त्यांनी रंगत येते. पण हार पाच मिनिटांचा आणि रेघ तीन दिवसांची. यंदा तुम्हाला कोणत्याही स्पर्धेसाठी स्वयंसेवक म्हणून बोलावले तर स्टेजजवळचे काम मागू नका. टेप मागा, घड्याळ मागा, प्रवेशिकांची फाइल मागा. सहाव्या लेनमध्ये उभी असलेली ती अनोळखी पोरगी तुम्हाला कधी धन्यवाद म्हणणार नाही, कारण तिच्यासाठी कोणी काय मोजले हे तिला माहीतच नसेल. ती फक्त बरोबर २०० मीटर धावेल. तेवढे झाले की आपले काम झाले.

सर्व खेळाडूंना आणि स्वयंसेवकांना मनःपूर्वक शुभेच्छा!